स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेतील इम्प्लांट आणि स्टेंट: कायम काय ठेवायचे, काय केव्हा काढायचे

स्वरोपचारक

स्वरयंत्रात शस्त्रक्रियेने ज्या वस्तू बसवल्या जातात त्यांचे हेतू दोन आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. काही वस्तू आयुष्यभर तिथे राहाव्यात म्हणून बसवतात. शरीराने त्यांना विनातक्रार सामावून घेणे हेच त्यांचे यश. काही वस्तू मात्र ठरावीक काळाने काढून घेण्यासाठीच बसवतात, आणि त्या निघाल्यानंतर श्वासमार्ग मोकळा राहतो की नाही यावरून त्यांचे यशापयश ठरते. ढोबळमानाने पहिला प्रकार इम्प्लांटचा आणि दुसरा स्टेंटचा. आवाजाच्या आणि गिळण्याच्या तक्रारींवर उपचार करताना मला दोन्ही प्रकारचे रुग्ण भेटतात. त्यांतील अनेकांना बसवलेल्या वस्तूचे नाव ठाऊक असते, पण ती किती काळ राहणार आहे आणि काढावी लागलीच तर कशी काढतात, हे ठाऊक नसते. हा धागा त्यासाठी काढला आहे.

स्वरयंत्र तीन कामे करते: श्वासाला वाट देणे, घास गिळताना ती वाट घट्ट मिटणे आणि आवाज निर्माण करणे. तिन्ही कामे दोन स्वरतंतूंमधील एकाच फटीवर अवलंबून आहेत. फट अरुंद केली की आवाज भरतो आणि ठसका कमी लागतो, परंतु श्वासाची जागा घटते. रुंद केली की श्वास सुटा होतो, परंतु आवाज विरतो आणि पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. इथली प्रत्येक शस्त्रक्रिया या ओढाताणीतून मार्ग काढत असते, म्हणून एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी रुग्णाला तो जाणवतो.

आधी इम्प्लांटविषयी. एका बाजूचा स्वरतंतू लुळा पडला तर दुसरा त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही, मध्ये फट राहते आणि बोलताना हवा वाया जाते. थायरॉइड ग्रंथीची शस्त्रक्रिया, छातीतील गाठी, हृदयाजवळच्या शस्त्रक्रिया, मानेच्या मणक्यावर पुढून केलेली शस्त्रक्रिया अशी याची अनेक कारणे आहेत. स्वरतंतू हलवणारा मज्जातंतू अशा वेळी दुखावतो. डाव्या बाजूचा मज्जातंतू छातीत उतरून महाधमनीच्या कमानीला वळसा घालून वर येतो; त्याचा मार्ग लांब असल्यामुळे डावा स्वरतंतू अधिक वेळा निकामी होतो. अशा स्वरतंतूला बाहेरून आधार देऊन मध्यभागी ढकलायचे, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९११ मध्ये ब्रुनिंग्ज यांनी लुळ्या स्वरतंतूत पॅराफिन (एक प्रकारचे मेण) टोचले. पुढे १९६० च्या दशकात आर्नल्ड यांनी टेफ्लॉनची पेस्ट वापरली आणि ती पद्धत बराच काळ जगभर चालली. टेफ्लॉनचे दुखणे नंतर कळले: काही रुग्णांत, कधी कधी पुष्कळ वर्षांनी, त्याभोवती दाहाची कठीण गाठ तयार होई, स्वरतंतू ताठर होई आणि ते द्रव्य ऊतींत पसरलेले असल्यामुळे पूर्णपणे काढताही येत नसे. कायमचे म्हणून जे घालायचे ते काढण्याजोगेही असावे, हा धडा टेफ्लॉनने दिला आणि माझ्या मते या विषयातला तोच सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

जपानचे नोबुहिको इश्शिकी यांनी १९७४ मध्ये थायरोप्लास्टीचे (स्वरयंत्राच्या पुढच्या मोठ्या, थायरॉइड नावाच्याच कूर्चेवरील शस्त्रक्रियेचे) चार प्रकार मांडले. पहिल्या प्रकारात स्वरतंतू मध्याकडे सरकवतात, दुसऱ्यात बाहेरच्या बाजूला नेतात, तिसऱ्यात त्याचा ताण कमी करतात आणि चौथ्यात वाढवतात. आज इम्प्लांटची चर्चा प्रामुख्याने पहिल्या प्रकाराभोवती होते. मानेवर लहानसा छेद घेऊन थायरॉइड कूर्चेच्या पाकळीत स्वरतंतूच्या पातळीवर आयताकृती खिडकी कापतात आणि तिच्यातून सिलिकॉनचा कोरलेला तुकडा, गोरटेक्सची (एका मऊ, लवचीक प्लास्टिकची) पट्टी, हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचा (हाडातल्या खनिजाचा) तयार ठोकळा किंवा टायटॅनियमची पातळ पट्टी आत बसवतात. शस्त्रक्रिया शक्यतो जागा बधिर करून, रुग्णाला गुंगीत पण बोलता येईल अशा अवस्थेत ठेवून करतात. रुग्ण स्वर लावतो, शल्यचिकित्सक ऐकतो, नाकातून घातलेल्या दुर्बिणीतून पाहतो आणि इम्प्लांटची जागा व आकार तिथल्या तिथे ठरवतो. या प्रक्रियेला वेळेची मर्यादा आहे, कारण स्वरतंतूला सूज येऊ लागली की ऐकू येणारा आवाज दिशाभूल करतो. त्यामुळे अनुभवी हात थोडे जास्त ढकलून ठेवतात, सूज उतरल्यावर ते योग्य ठरते.

आता स्टेंट. कृत्रिम श्वासनळी दीर्घकाळ घशात राहिली, अपघातात स्वरयंत्राला मार बसला किंवा जन्मतःच मार्ग अरुंद असला, तर स्वरयंत्राच्या तळाशी असलेल्या क्रिकॉइड कूर्चेच्या भागात कडक व्रणऊती वाढून वाट बुजू लागते. क्रिकॉइड हे श्वासमार्गातील एकमेव पूर्ण कडे आहे, म्हणून आतली सूज बाहेर फाकू शकत नाही आणि वाट लवकर आक्रसते. कृत्रिम नळीच्या फुग्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरच्या मर्यादेत ठेवण्याचा आग्रह यासाठीच असतो. त्याहून जास्त दाबाने आतल्या आवरणाचा रक्तपुरवठा तुटतो. असा बुजलेला मार्ग शस्त्रक्रियेने रुंद केला, बहुधा बरगडीच्या कूर्चेचा तुकडा बसवून, की ती जागा भरून येईपर्यंत आतून धरून ठेवणारा आधार लागतो. तो आधार म्हणजे स्टेंट. त्याचा वाईट गुण असा की ज्या व्रणाला तो रोखतो, त्याच व्रणाला तो टोकांशी घासून जन्मही देतो. मांसांकुर (व्रणावर उगवणारे मऊ मांसाचे उंचवटे) वाढतात ते बहुतेक स्टेंटच्या वरच्या किंवा खालच्या कडेवर.

जाणकारांनी आपले अनुभव आणि दुरुस्त्या अवश्य लिहाव्यात.

सुस्वर

हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे. मी शिक्षिका आहे. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर माझा डावा स्वरतंतू हलत नाही. वर्गात पाच मिनिटे बोलले की धाप लागते आणि पाणी पिताना ठसका लागतो. मला आधी तात्पुरते इंजेक्शन घ्यावे आणि वर्षभर थांबावे असा सल्ला मिळाला आहे. जर शेवटी इम्प्लांटच करायचे असेल, तर ते आताच करून का टाकू नये?

शल्यकर्मी

सुस्वर, आपला प्रश्न रास्त आहे आणि आपल्याला मिळालेला सल्लाही योग्य वाटतो. मज्जातंतू तुटलेला नसून ताणला किंवा दुखावला गेला असेल, तर तो हळूहळू सावरू शकतो आणि त्याला सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत वेळ लागू शकतो. या काळात कायमचा इम्प्लांट घातला आणि नंतर स्वरतंतू हलू लागला, तर तोच इम्प्लांट अडथळा ठरतो. म्हणून बहुतेक शल्यचिकित्सक नऊ ते बारा महिने थांबतात. शस्त्रक्रियेत मज्जातंतू तुटल्याचे निश्चित माहीत असेल तर इतके थांबण्याचे कारण उरत नाही. स्वरयंत्राच्या स्नायूंची ईएमजी (स्नायूंतील विद्युत हालचाल नोंदवणारी) तपासणी करून सावरण्याची शक्यता किती आहे याचा अंदाज घेता येतो.

थांबणे म्हणजे मात्र त्रास सोसत बसणे नव्हे. तात्पुरते इंजेक्शन याच काळासाठी असते. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे जेल साधारण दोन ते तीन महिने टिकते, हायल्युरोनिक आम्ल त्याहून काहीसे अधिक, तर कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकू शकते. रुग्णाच्या स्वतःच्या पोटातील चरबीही टोचतात. तिचा काही भाग शरीर शोषून घेते, म्हणून सुरुवातीला मुद्दाम जास्त भरतात आणि पहिले काही आठवडे आवाज दबलेला वाटतो. ज्यांना लवकर इंजेक्शन मिळाले त्यांच्यापैकी कमी जणांना पुढे कायमच्या शस्त्रक्रियेची गरज पडली, असे काही अभ्यासांत आढळले आहे. स्वरतंतू मध्याजवळ ठेवला गेल्यामुळे मज्जातंतूचे जे थोडेफार पुनरुज्जीवन होते ते त्याला अनुकूल जागी स्थिर करते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

पाणी पिताना ठसका लागतो, हे आपण लिहिले आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये. छातीत वारंवार कफ साठू लागला किंवा ताप येऊ लागला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

वरच्या लेखात एक भर घालतो. स्वरतंतूंच्या मागच्या भागात मोठी फट असेल किंवा दोन स्वरतंतू वेगवेगळ्या उंचीवर असतील, तर खिडकीतून घातलेला इम्प्लांट तिथपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा स्वरतंतूचे मागचे टोक जिला जोडलेले असते त्या एरिटेनॉइड कूर्चेला टाका घालून ती फिरवावी लागते. हे तंत्रही इश्शिकी यांनीच १९७८ मध्ये मांडले. ते अवघड आहे आणि त्यानंतर सूज अधिक येते, परंतु योग्य रुग्णात त्याला पर्याय नाही. तरुण रुग्णांत मानेतील दुसरा मज्जातंतू स्वरयंत्राच्या मज्जातंतूला जोडण्याचा मार्गही विचारात घ्यावा. त्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात, परंतु त्यामुळे स्नायू सुकत नाही आणि कोणतीही परकी वस्तू आत राहत नाही.

कंठमणी

माझे प्रशिक्षण कोरलेल्या सिलिकॉनवर झाले आणि नंतर मी गोरटेक्सकडे वळले, म्हणून साहित्याविषयी थोडे लिहिते. सिलिकॉनचा तुकडा रुग्णागणिक कोरावा लागतो. तो हातखंड्याचा भाग आहे आणि त्यात वेळ जातो, पण तुकडा एकदा नीट बसला की हलत नाही आणि पुढे काढायचा झाला तर अखंड बाहेर येतो. गोरटेक्सची पट्टी घडी घालत थोडी थोडी आत सारता येते, आवाज ऐकत कमी-जास्त करता येते आणि खिडकीही लहान पुरते. मॅककलक आणि हॉफमन यांनी १९९८ मध्ये ही पद्धत मांडल्यानंतर ती झपाट्याने पसरली, याचे कारण ही लवचीकता आहे. तरीही नवशिक्यांना मी सिलिकॉनच आधी शिकवते. पट्टी पुढच्या बाजूला जास्त साठली की आवाज दाबलेला आणि ताणलेला येतो. सुजेमुळे ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेहमीच ओळखू येत नाही.

सर्व प्रकारच्या इम्प्लांटमध्ये एक चूक समान आहे: खिडकी फार वर कापणे. स्वरतंतूची पातळी थायरॉइड कूर्चेच्या वरच्या खाचेपासून खालच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या साधारण मध्यावर असते, म्हणजे पाहणाऱ्याला वाटते त्यापेक्षा बरीच खाली. खिडकी वर गेली तर इम्प्लांट स्वरतंतूला न ढकलता त्याच्या वरच्या पोकळीला ढकलतो, आणि तिथले आवरण इतके नाजूक असते की ते फाटून इम्प्लांट श्वासमार्गात येण्याची भीती असते.

शल्यकर्मी

कंठमणी, गोरटेक्सविषयी आपला अनुभव मान्य करूनही मला वाटते की साहित्यापेक्षा खिडकीची जागा निकाल ठरवते. ज्याचा हात सिलिकॉनवर बसलेला आहे त्याने केवळ नवीन आहे म्हणून पट्टीकडे वळू नये. टायटॅनियमच्या तयार पट्टीचेही तसेच. ती कोरावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे, परंतु नंतर बदल करायचा असेल तर ती सिलिकॉनइतकी सहज हाताळता येत नाही.

सोबती

मी रुग्ण नाही. माझ्या वडिलांना श्वासनलिका अरुंद झाल्यामुळे मॉन्टगोमेरी टी-ट्यूब बसवली आहे आणि तिची देखभाल मी करतो. ही नळी विल्यम मॉन्टगोमेरी यांनी १९६५ मध्ये मांडली. आज ती सिलिकॉनची असते. तिची उभी बाजू श्वासमार्गात राहते आणि आडवी बाजू मानेतून बाहेर येते. आडव्या बाजूला बूच लावले की हवा नाकातून आत जाते, वाटेत ओलसर आणि उबदार होते, आणि माणूस बोलू शकतो. बूच सतत उघडे ठेवले तर कोरडी हवा थेट नळीत जाऊन कफाच्या खपल्या धरतात.

घरी देखभाल करणाऱ्यांसाठी मला जे शिकवले गेले ते लिहितो. आडव्या बाजूतून थोडे सलाईन सोडून दोन्ही दिशांना, वर आणि खाली, कफ ओढून घ्यायचा. नेहमीच्या ट्रॅकिओस्टॉमी नळीला (मानेतील छिद्रातून थेट श्वासनलिकेत घातलेल्या नळीला) धुण्यासाठी काढता येणारी आतली नळी असते, टी-ट्यूबला ती नसते. त्यामुळे खपली धरली तर ती आतच साफ करावी लागते. श्वास अडला तर पहिल्यांदा बूच काढायचे आणि कफ ओढायचा. तरीही वाट मोकळी झाली नाही, तर आडवी बाजू घट्ट धरून नळी ओढून बाहेर काढायची आणि त्या छिद्रात योग्य मापाची ट्रॅकिओस्टॉमी नळी घालायची. यासाठी तशी एक नळी सदैव जवळ ठेवावी लागते, प्रवासातही. रुग्णालयातून सुटी देताना हे प्रत्यक्ष करून दाखवा, असा आग्रह प्रत्येक नातेवाइकाने धरावा. आम्हाला पहिल्या रुग्णालयात हे कोणी दाखवले नव्हते, आणि ती उणीव किती जिवावरची आहे हे मला नंतरच्या डॉक्टरांनी समजावल्यावर उमगले.

माझा प्रश्न असा: नळीचे वरचे टोक स्वरतंतूंच्या वर ठेवल्यापासून वडिलांना ठसका जास्त लागतो आणि आवाज जवळजवळ गेला आहे. टोक खाली का ठेवत नाहीत?

स्वरोपचारक

सोबती, आपण लिहिलेला देखभालीचा भाग हा या धाग्यातला सर्वांत उपयोगी मजकूर आहे.

टोक कुठे ठेवायचे हे अरुंद भाग कुठे आहे त्यावरून ठरते. अरुंदपणा स्वरतंतूंच्या बराच खाली असेल तर टोक स्वरतंतूंपासून किमान अर्धा ते एक सेंटिमीटर खाली ठेवता येते आणि आवाज चांगला राहतो. अरुंदपणा स्वरतंतूंना लागूनच असेल तर तेवढी जागा मिळत नाही. टोक नेमके स्वरतंतूंच्या खालच्या अंगाला टेकले तर तिथे सूज आणि मांसांकुर येऊन वाट पुन्हा बंद होते, म्हणून नाइलाजाने ते स्वरतंतूंच्या वर न्यावे लागते. तेव्हा स्वरतंतू मिटू शकत नाहीत आणि ठसका व आवाजाची हानी हे दोन्ही सोसावे लागतात. ठसका कमी करण्यासाठी मान खाली घालून गिळणे, पातळ पदार्थ थोडे दाट करून देणे, गिळण्याआधी श्वास रोखून धरणे यांसारखे उपाय असतात. मात्र ते आपापले न ठरवता तपासणी करून शिकून घ्यावेत, कारण एकाला उपयोगी पडलेली मानेची ठेवण दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते.

बालकंठ

मुलांच्या बाबतीत स्टेंटचा विचार वेगळा करावा लागतो, म्हणून लिहीत आहे. अरुंदपणाची प्रत मोजण्यासाठी मायर आणि कॉटन यांची १९९४ ची पद्धत वापरतात: ५० टक्क्यांपर्यंत वाट बंद असेल तर पहिली श्रेणी, ५१ ते ७० दुसरी, ७१ ते ९९ तिसरी आणि वाटच उरलेली नसेल तर चौथी. कूर्चेचा तुकडा घालून मार्ग रुंद करण्याचे तंत्र फिअरन आणि कॉटन यांनी १९७० च्या दशकात रूढ केले. शस्त्रक्रिया एका टप्प्यात केली तर वेगळा स्टेंट लागत नाही, घशातील कृत्रिम श्वासनळीच साधारण आठवडाभर स्टेंटचे काम करते. पण तेवढा काळ मूल अतिदक्षता विभागात राहते. दोन टप्प्यांत केली तर ट्रॅकिओस्टॉमी ठेवून आत स्टेंट काही आठवडे ठेवतात.

पूर्वी अबुलकर यांचा टेफ्लॉनचा स्टेंट खूप वापरला जाई. तो गुळगुळीत होता, पण कडक होता. स्वित्झर्लंडमधील लोझानचे फिलिप मोनिए यांनी शवांच्या स्वरयंत्रांचे साचे घेऊन मऊ सिलिकॉनचा, स्वरयंत्राच्या आतल्या आकाराशी जुळणारा स्टेंट तयार केला. जिथे नळी गोल असते आणि स्वरयंत्राचा आतला आकार गोल नसतो, तिथे कुठेतरी दाब पडणारच, या साध्या निरीक्षणातून हे काम झाले, आणि म्हणून मला त्याचे मोल वाटते. लहान मुलांत अरुंद मापाची टी-ट्यूब पटकन तुंबते, त्यामुळे तिथे ती सहसा टाळतात.

अजून एक वस्तू इथे नोंदवावी. दोन स्वरतंतूंच्या पुढच्या कोनात पडदा धरलेला असेल, तर तो नुसता कापून उपयोग होत नाही, कारण दोन कच्च्या कडा पुन्हा चिकटतात. त्यांच्यामध्ये दोन ते तीन आठवडे पातळ पाते उभे ठेवतात. मॅकनॉट यांनी १९५० मध्ये टँटलम धातूचे पाते वापरले होते. आता सिलिकॉनचे वापरतात. कडांवर नवे आवरण आले की ते काढतात.

सोबती

वडिलांना हृदयात बसवतात तसा जाळीचा धातूचा स्टेंट श्वासनलिकेत का बसवत नाहीत, असे नातेवाईक विचारतात.

शल्यकर्मी

कारण तो सहज काढता येत नाही. जाळीच्या छिद्रांतून ऊती वाढतात, स्टेंट त्यांत रुतून बसतो आणि काढताना आवरण फाटते, रक्तस्राव होतो किंवा तारा तुटतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये जाहीर इशारा दिला होता की कर्करोग नसलेल्या रुग्णांत श्वासनलिकेतील धातूचे स्टेंट इतर सर्व उपाय संपल्यावरच वापरावेत. शिवाय धातूचा स्टेंट एकदा घातला की नंतर अरुंद भाग कापून टोके जोडण्याची शस्त्रक्रियाही अवघड होऊन बसते, कारण निरोगी भागही खराब झालेला असतो. कर्करोगाच्या गाठीने श्वासनलिका दाबली गेली असेल आणि आयुष्य थोडे उरले असेल, तर गणित बदलते. तिथे त्याच दिवशी सुटा श्वास देणारा धातूचा स्टेंट हा मोठा दिलासा ठरतो. स्वरयंत्रातच असा स्टेंट बसवण्याचा प्रश्न सहसा येत नाही, कारण तो भाग सतत हलतो आणि घासतो.

प्रतिमातज्ज्ञ

एक व्यावहारिक सूचना. स्वरतंतूत पूर्वी काय घातले आहे, हे स्कॅनच्या आधी सांगावे. कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट सीटी स्कॅनमध्ये पांढरे दिसते. जुन्या टेफ्लॉनभोवतीची गाठ पेट स्कॅनमध्ये (त्यात जास्त काम करणारी ऊती चमकते) कर्करोगासारखी चमकू शकते, आणि लुळा स्वरतंतू शांत असल्यामुळे दुसऱ्या बाजूचा निरोगी स्वरतंतूही संशयास्पद वाटू शकतो. माहिती नसेल तर रुग्णाला विनाकारण बायॉप्सीला सामोरे जावे लागते. सिलिकॉन आणि गोरटेक्स यांना एमआरआयचा अडसर नाही. टायटॅनियमही चुंबकाने ओढले जात नाही, तरी त्याची नोंद द्यावीच.

सुस्वर

सर्वांचे मनापासून आभार. मी इंजेक्शन घेण्याचे ठरवले आहे. एक शंका उरते: पुढे थायरोप्लास्टी झाली आणि त्यानंतर दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल घ्यावी लागली, तर घशात नळी घालताना इम्प्लांटला धक्का लागेल का?

कंठमणी

सुस्वर, भूलतज्ज्ञांना आधी सांगितले तर काळजीचे कारण नाही. इम्प्लांटमुळे वाट थोडी अरुंद झालेली असते, म्हणून ते नेहमीपेक्षा लहान मापाची नळी निवडतात आणि ती हलक्या हाताने, शक्यतो कॅमेऱ्यातून पाहत घालतात. छोट्या शस्त्रक्रियेत स्वरतंतूंच्या वरच बसणारा मास्कही पुरतो. सोबती, आपल्या वडिलांच्या बाबतीत ही सूचना अधिक महत्त्वाची आहे: टी-ट्यूबच्या वरच्या तोंडातून भुलेची हवा निसटते आणि तिची आडवी बाजू बहुधा भुलेच्या यंत्राला थेट जोडता येत नाही, त्यामुळे तयारी आदल्या दिवशीच व्हावी लागते. इम्प्लांट किंवा नळीचा प्रकार, माप आणि बसवल्याची तारीख लिहिलेले कार्ड दोघांनीही शल्यचिकित्सकाकडून मागून घ्यावे आणि पाकिटात ठेवावे.